शेठची वाडी आणि माझी ओसरी

बँकेच्या कामानं वर्ध्याला गेलो की बजाजवाडीपाशी पाय आपोआप हळू पडतात. शेठ जमनालाल बजाज यांची ही वाडी. घरच्या माणसांपेक्षा पाहुण्यांनीच हे घर जास्त वापरलं. नेहरू, सरदार पटेल, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद इथं उतरत. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका इथं होत. आमच्यासारखं कापसाचं गाव, आणि देशाचा कारभार चालवणारी माणसं एका कापूस-व्यापाऱ्याच्या पंगतीला.

माझा आजा बंडीत कापूस भरून रात्रभर बैल हाकत वर्ध्याला यायचा. त्याचा कापूस शेठच्या काट्यावर कधी गेला नाही, दुसराच एक अडत्या होता. पण तिथं कडता कसा कापायचे, हे आजा मरेस्तोवर विसरला नाही. शेठचं नाव निघालं की तो म्हणे, "देवमाणूस होता रे बाबू. गांधीबाबाले त्यानंच इथं आनलं. पन व्यापारी देवमाणूस निंगाला म्हणून आपल्या बंडीचं वजन वाढलं काय?"

मी तेव्हा शाळेत होतो. मला आज्याचा राग यायचा. जमनालालजींवर धडा वाचलेला पोरगा मी, मला कडत्याचं काय कळणार!

जमनालालजी मूळचे राजस्थानातले, सीकरकडचे. जन्म 1889 चा. वर्ध्याच्या बच्छराज शेठच्या घरात नातू म्हणून दत्तक आले. सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला दागिने घालून जायचं त्यांनी नाकारलं. म्हातारा पैशावरून टाकून बोलला, तर पोरानं चिठ्ठी लिहून त्याच्या सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडला. नंतर समजूत निघाली, तो भाग वेगळा. पुढं त्यांनी सरकारची रायबहादूर पदवी परत केली. 1928 साली घरच्या लक्ष्मीनारायण मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडलं. शेगावची मालगुजारी त्यांचीच होती. 1936 साली गांधीजी तिथं राहायला गेले, आणि त्याच शेगावचं सेवाग्राम झालं.

गांधीजी सांगत की श्रीमंतानं आपल्या धनाचा मालक होऊ नये, विश्वस्त व्हावं. हा शब्द मला फार दिवस गोड लागला. मग एकदा वखरामागं चालताना मनात आलं, विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. ठेव ज्याची, त्याला हिशेब मागता आला पाहिजे. शेठच्या तिजोरीतली ठेव कोणाची, असं विचारलं तर आज्यासारख्या हजार बंडीवाल्यांकडे बोट दाखवावं लागेल. त्यांना कोणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमच्या कापसातून सुटलेल्या पैशाचं आश्रम बांधू की तुम्हाला भाव वाढवून देऊ? कदाचित त्यांनी आश्रमच म्हटलं असतं. माझ्या आज्यानं नसतं म्हटलं, एवढं मला ठाऊक आहे.

हे मी फार टेचात लिहिलं असतं आणि खाली सही केली असती. पण मधेच 2017 साल आठवलं.

त्या साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. बोंडं वरून हिरवी, फोडली की आत किडकी. पाडव्याला सालगड्याचा हिशेब झाला, तेव्हा मी त्याचे दहा हजार मागं ठेवले. म्हटलं, "तुह्या हातात पैसा टिकत नाही. माह्यापाशी राहू दे, पोरीच्या लग्नाले एकदम देतो."

तो म्हणाला, "भाऊ, मले छपराले टिना घ्याच्या होत्या."

"पावसाळ्याच्या आधी पाहू," मी म्हटलं.

पाहिलं नाही. त्याच उन्हाळ्यात माझ्या घरात फरशी बसली. पोरगा मागं लागला होता, पाहुणे येणार होते, कारणं शंभर होती. जूनमध्ये रात्री झोडपून पाऊस आला आणि गडी बायकोपोरांसकट दारात उभा राहिला. मी ओसरी उघडून दिली, सतरंज्या दिल्या, घरातून चहा आणवला. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. गावातही दोघांनी म्हटलं, भाऊचं मन मोठं आहे.

ज्या फरशीवर तो झोपला, तिच्यात त्याच्याच टिनांचे पैसे होते. हे ध्यानात यायला मला चार-सहा महिने लागले.

शेठशी माझी बरोबरी मी करत नाही. त्यांनी मंदिराचं दार उघडलं तेव्हा आपल्याच माणसांचा राग ओढवून घेतला. माझी ओसरी उघडल्यानं माझ्यावर कोण रागावणार होतं? शिवाय शेवटच्या दिवसांत ते वाडी सोडून गोपुरीच्या झोपडीत जाऊन राहिले, गाईंच्या सेवेत. 1942 च्या फेब्रुवारीत गेले. आपलं पक्कं घर सोडून झोपडीत राहायचं माझ्यानं होणार नाही, ते मी कबूल करतो. आज्यालाही ही झोपडीची गोष्ट मी एकदा सांगितली होती. तो बराच वेळ चिलीम ओढत बसला. मग म्हणाला, "हे खरं मोठं काम. पन कडत्याचं राह्यलंच."

पुढच्या पाडव्याला मी गड्याचे दहा हजार दिले, वर हजार रुपये दिले. त्यानं हजार परत माझ्या हातात ठेवले. बाकीच्या नोटा माझ्यासमोर उकिडवा बसून दोनदा मोजल्या. बारा वर्षं तो माझ्याकडं होता, आधी कधी मोजत नसे.