बागेची राखण



देवाने पहिल्या मनुष्यास एदेन बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचितो. देवाने पशुपक्षी त्याजपुढे आणिले आणि त्याने त्यांस नांवे दिली. म्हणजे मनुष्याची पहिली शाळा बागेतच भरली. पाहणे, ओळखणे व राखणे हाच तेथील अभ्यास होता.

आम्ही मात्र ती शाळा चार भिंतींत कोंडिली. पर्यावरणाचे शिक्षण शाळांत सक्तीचे करावे असा आदेश भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला, व तो विषय पुस्तकांत आला. परंतु पुस्तकात आले ते अंतःकरणात उतरतेच असे नाही. जमिनीची धूप म्हणजे काय, असे आम्ही एकदा वर्गात विचारिले. एका मुलाने उत्तर घडाघडा म्हटले. मग त्यास त्याच्या बापाच्या शेतात नेऊन विचारिले, "बाळा, येथे धूप कोठे झाली आहे?" तो गप्प राहिला. ओघळ तर त्याच्या पायांशीच पडली होती. दोष त्याचा नव्हे, आमचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन उतरत्या फळ्या मांडिल्या. एकीवर मुळांसकट गवताचा थर ठेविला, दुसरीवर नुसती माती. मुलांनी दोहोंवर झारीने सारखेच पाणी घातले. गवतातून पाणी बरेच निवळ आले. उघड्या मातीवरून गढूळ लोंढा वाहिला. आम्ही काही सांगण्यापूर्वीच तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमचे शेत असेच जाते." आठ दिवसांत बापलेकांनी त्या ओघळीस दगडांचा बांध घातला.

शिक्षकहो, उपदेशकहो, हे करावयास द्रव्य लागत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. मुलांकडून मंदिराचे छप्पर मापवा. ते ५० चौरस मीटर भरले व २० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर १,००० लिटर पाणी पडले. ते कोठे गेले, हे मुलांसच शोधू द्या.

आपल्या प्रभूनेही लोकांस पेरणारा, रानफुले व पाखरे दाखवूनच शिकविले. आज जी माती ओढ्यास मिळते ती आमच्या लेकरांची भाकर आहे. ज्याने ती हाताळिली नाही, तो तिची राखण कशी करील? म्हणून येत्या पावसाळ्यात त्यांस हाती धरून बांधावर न्या. बाग धन्याची आहे, आणि हिशेब आम्हांस द्यावयाचा आहे.