गरजेची गिटार कितवी?

आमच्या घरात माणसं चार आणि गिटारी पाच. घर कामोठ्यात, मानसरोवर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, वन बीएचके. माणसं म्हणजे अम्मी, धाकटा भाऊ आणि आम्ही नवरा-बायको. (एकटीविषयी लिहितानाही आमच्या हातून 'आम्ही'च उमटतं, ते मोठेपणासाठी नव्हे. उर्दू शाळेत दिवसभर 'हम' म्हणायची सवय. ती मराठीतही सुटत नाही.) गिटारी सगळ्या भावाच्या. एक दाराआड, दोन कपाटावर, एक हॉलच्या भिंतीला आणि पाचवी अम्मींच्या पलंगाखाली, जिथे पूर्वी रजयांची पेटी असायची. पेटी आता गॅलरीत आहे आणि पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिक टाकावं लागतं. म्हणजे आमच्या घरात हा प्रश्न रजयांपासून सुरू झाला, तत्त्वज्ञानापासून नव्हे.

रमजानच्या आधीची साफसफाई चालली होती. अम्मींनी पलंगाखाली झाडू घातला, तो गिटारीच्या पिशवीला अडला. त्या मिरजेच्या. चिडल्या की अजून तिकडचीच बोली येते. म्हणाल्या, "हात तो दोनच हैं ना रे, फिर पाच कायकू?"

भाऊ बेलापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पगार स्वतःचा, कर्ज नाही, व्यसन नाही. तो उत्तर द्यायला बसला आणि उत्तर अर्धा तास चाललं. पहिली गिटार पोलादी तारांची, धोबी तलावच्या दुकानातून पहिल्या पगारात घेतलेली. दुसरी नायलॉनच्या तारांची. तिचा गळा रुंद, आवाज मऊ, ती बोटांनी वाजवायची. तिसरी इलेक्ट्रिक. हेडफोन लावून रात्री वाजवली तरी शेजारी झोपू शकतात. चौथी बारा तारांची. तारा जोडीजोडीने बसवलेल्या आणि खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एक तार एका सप्तकाने वर, त्यामुळे एकच माणूस वाजवत असून दोघं वाजवताहेत असं वाटतं. इथवर आम्हालाही पटत गेलं. चार खरोखरच चार वेगळ्या वस्तू होत्या, जशी कढई, तवा, पातेलं आणि कुकर.

पाचवी मात्र पुन्हा इलेक्ट्रिक. भाऊ म्हणाला, हिच्यात आवाज पकडणारी गुंडाळी दुहेरी आहे, तिसरीत एकेरी. एकेरी गुंडाळी विजेची घरघरही पकडते. दोन गुंडाळ्या उलट्या जोडल्या की घरघर एकमेकींत मरते आणि आवाज जाड होतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने 1955 मध्ये ही युक्ती काढली. आम्ही विचारलं, "मग घरघर करणारी विकून टाक." तो म्हणाला, "आपा, त्या घरघरीसकट जो आवाज येतो ना, तो हिच्यात नाही." अम्मी उठून इफ्तारच्या यादीकडे वळल्या.

बी.एड.ला असताना मॅस्लोची गरजांची उतरंड आम्ही पाठ केली होती. अन्न, सुरक्षितता, आपलेपण, मान आणि सर्वांत वर स्वतःला घडवणं. परीक्षेत तिच्यावर बरे गुण मिळाले. पण ती उतरंड एवढंच सांगते की पोट भरल्यावर माणूस गिटारीकडे वळेल. पहिलीनंतर दुसरीकडे का वळतो आणि कुठे थांबतो, यावर ती गप्प आहे. वादकांत एक विनोद चालतो म्हणे: किती गिटारी हव्यात, तर आहेत त्याहून एक जास्त. विनोद म्हणून ठीक आहे. पण नीट पाहिलं तर ती गरजेची व्याख्या नाही, भुकेची आहे.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आमच्याही घरात आहे. अजान झाली की अम्मी आवाज बंद करायला लावतात, एरवी ऐकत बसतात. तो वाद इथे नको. पण रमजान आला की जकातीचा हिशेब येतो आणि त्या हिशेबात गरज हा शब्द फार बारकाईने वापरलेला आहे. राहतं घर, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं ही 'हाजत-ए-असलिया', म्हणजे मूळ गरज. विकण्यासाठी न ठेवलेल्या गिटारीवर जकात लागत नाही, हे खरं. पण जकात घ्यायला कोण पात्र आणि कोण नाही, हे ठरवताना माणसाकडे गरजेपेक्षा जास्त काय आहे ते हनफी फकीह मोजतात. तिथे आलिमाच्या पुस्तकांचा सवाल निघतो. वाचणाऱ्याची पुस्तकं ही त्याची गरज, मग ती कितीही किमतीची असोत. पण एकाच ग्रंथाच्या दोन प्रती असतील तर? काही म्हणाले दुसरी प्रत जास्तीची, काही म्हणाले तिसरी. शेकडो वर्षांपूर्वी गंभीर माणसं बसून हे ठरवत होती, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं. आकडा किती, यावर त्यांनी वाद घातला. पण आधी विचारलं ते हे की पुस्तक कोणाच्या घरात आहे, वाचणाऱ्याच्या की न वाचणाऱ्याच्या.

हे आम्ही भावाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आपा, तुमच्या कपाटात फीरोजुल्लुगात किती आहेत?"

दोन आहेत. एक अब्बांची, पानं पिवळी, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. दुसरी आमची, वर्गात न्यायची. जास्तीची कोणती ते आम्हाला त्या रात्री ठरवता आलं नाही.

आमचं आजोळ मिरजेचं, त्यामुळे वाद्य म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे गिटार नव्हे, सतारमेकर गल्ली येते. लहानपणी सुट्टीत तिथून जाताना दारात सालं काढून ठेवलेले भोपळे दिसायचे. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारींचं काम संपलं, हात रिकामे राहिले नाहीत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अम्मींनी कामोठ्यात बिल्डिंगभर पेढे वाटले होते, जणू त्यांनीच भोपळा कोरला होता.

त्या गल्लीत 'किती' हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. गवयाला तानपुरे दोन लागतात. एक का नाही? कारण मैफलीत गवयाच्या दोन बाजूंना दोन तानपुरे बसले की एकाची तार विरते तेव्हा दुसऱ्याची भरते आणि स्वरात भोक पडत नाही. पुरुषाच्या पट्टीचा तानपुरा मोठ्या भोपळ्याचा, बाईच्या पट्टीचा लहान. नवऱ्याचा तानपुरा बायकोने वापरावा अशी काटकसर तिथे चालत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. घोडी झिजली की ती पुन्हा घासून घ्यावी लागते. दोनाचे तीन केले तर तिसऱ्याची जवारी कोण सांभाळणार? म्हणजे आकडा हौसेतून येत नाही, कामातून येतो आणि राबणूक त्याला आवर घालते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच होऊन राहिले. 1937 मध्ये गेले, तेव्हा ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना मूठमाती मिळाली. वाद्य दुरुस्त करण्यात त्यांचा हात चांगला होता असं सांगतात. ज्याला स्वतः जवारी लावता येते त्याला आणखी वाद्य घ्यायची घाई कमी होत असावी, असा आमचा आपला तर्क.

पण मग भावाने दुसऱ्या टोकाची माणसं दाखवली आणि आमचा तर्क जरा डळमळला. विली नेल्सन हा अमेरिकी गायक 1969 पासून एकच नायलॉन तारांची गिटार वाजवतो. तिचं नाव ट्रिगर. बोटांनी आणि नखीने घासून घासून तिच्या लाकडाला दुसरं भोक पडलं आहे. हे ऐकून अम्मी खूश झाल्या. उलट पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमूर. त्याने 2019 मध्ये न्यूयॉर्कला लिलाव केला तेव्हा 126 गिटारी निघाल्या. सुमारे 2 कोटी 15 लाख डॉलर आले आणि ते त्याने पर्यावरणाच्या कामाला देऊन टाकले. ज्याच्याकडे शंभरावर गिटारी होत्या त्याला लोभी म्हणायचं की दाता? आणि तिसरा बी. बी. किंग. 1949 साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी तो वाजवत असताना नाचघराला आग लागली. तो बाहेर पळाला, पण गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. दोघं पुरुष ल्युसिल नावाच्या बाईवरून भांडले आणि त्या झटापटीत आग लागली होती. पुन्हा असा मूर्खपणा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने गिटारीला ल्युसिल नाव दिलं. पुढे आयुष्यात अनेक गिटारी आल्या, प्रत्येकीचं नाव ल्युसिलच. आता त्याच्याकडे गिटारी किती होत्या, अनेक की एक? वर्गात हा प्रश्न विचारला तर पोरं एका सुरात 'एक' म्हणतील.

वर्गावरून आठवलं. खरी गोष्ट तर तिथेच आहे.

आमच्या आठवीत एक पोरगा आहे. वडील रिक्षा चालवतात. अभ्यासात मधला. पण बाकावर बोटं वाजवतो, तीही अशी की आम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत असलो तरी खडूची गती त्याच्या ठेक्यावर जाते. डावखुरा आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची, त्यामुळे इतरांचा तळहात ओल्या शाईवरून जातो आणि वही बरबटते. याची वही तेवढी स्वच्छ. एका शनिवारी सुट्टीत जवळ येऊन म्हणाला, "टीचर, आपके भाई गिटार बजाते हैं ना? एक दफा देखनी थी." शाळेत ही बातमी कशी पोचली ते आम्ही विचारलं नाही.

रविवारी तो वडिलांबरोबर घरी आला. वडील खालीच रिक्षात बसून राहिले, खूप बोलावलं तरी वर आले नाहीत. भावाने त्याला दाराआडची जुनी पोलादी तारांची गिटार दिली. खाडीच्या दमट हवेने तिचा गळा वाकलाय, तारा वर उचलल्यात, भाऊ स्वतः तिला वर्षभर शिवलेला नव्हता. आम्हाला ते खटकलं. नको असलेलं पुढे करण्याला आमच्याकडे देणं म्हणत नाहीत. पण पोराने गिटार घेतली आणि ती उलटी धरली. डावा हात भोकावर, उजवा गळ्यावर. जाड तार खाली, बारीक वर. भावाने सरळ करून दिली, त्याने दोन मिनिटं सरळ धरली आणि पुन्हा उलटी. अम्मी म्हणाल्या, आदत पड जाएगी, खातो ना उजव्या हाताने. पोरगा काही बोलला नाही. गिटार पलंगावर ठेवून बाकी चारांकडे बघत राहिला. पाच गिटारी घरात, आणि त्याच्या हाताची एकही नाही.

तो गेल्यावर रात्री आम्ही भावाला म्हटलं, तारा उलट्या लावून दे. त्याने सांगितलं की पोलादी तारांच्या गिटारीत ते नीट जमत नाही. घोडीवरची पट्टी तिरकी बसवलेली असते, आतल्या पट्ट्याही एका बाजूच्या हिशेबाने. तारा उलटल्या की स्वर वरच्या घरांत बेसूर होतात. नायलॉनच्या गिटारीची पट्टी जवळजवळ सरळ असते, तिच्यात जमतं. फक्त गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी नवी करावी लागते, कारण जाड तारेची खाच रुंद आणि बारीक तारेची अरुंद. "पण एकदा केली की ती माझ्या कामाची राहणार नाही," तो म्हणाला.

नायलॉनची म्हणजे दुसरी. पलंगाखालची. तिच्यावर तो क्वचितच वाजवतो, पण वाजवतो तेव्हा बाकी चार विसरतो. हे घरात सगळ्यांना माहीत. आम्ही गप्प राहिलो. खरं सांगायचं तर आमच्या मनात फीरोजुल्लुगात होती. अब्बांची द्यायची तर अब्बाच दिल्यासारखे. वापरातली द्यायची तर रोजचं काम अडेल. दुसऱ्याच्या दुसऱ्या वस्तूविषयी निवाडा देणं फार सोपं असतं.

आठ दिवस काहीच झालं नाही. मग एका रात्री हॉलमध्ये कानशीचा आवाज आला. भाऊ हाडाची पट्टी घासत बसला होता. दोन पट्ट्या बिघडवल्या, तिसरी बसली. तारा लावल्यावर सवयीने त्याने गिटार मांडीवर घेतली आणि एक ओळखीची सुरावट छेडली. आली ती भलतीच. तो हसला. बोटं उलटी पालटी करून थोडा वेळ खटपट केली आणि पिशवीची चेन लावून टाकली.

पलंगाखाली रजयांची पेटी परत आली आहे. पोरगा आता रविवारी भावाकडे शिकायला येतो, गिटार त्याच्या घरी असते आणि रिक्षात मागच्या सीटवर तिला स्वतंत्र जागा असते. भावाचं काम आता चारांवर चाललं आहे. दुकानातून आलेली नायलॉनच्या गिटारीची किंमत त्याने फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे, अम्मींनी ती अजून वाचलेली नाही. फीरोजुल्लुगात दोन्ही कपाटात आहेत.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पोराने आम्हाला गाठलं. म्हणाला, "टीचर, सरांकडे आता चारच राहिल्या. त्यांना पुरतात ना?"

आम्ही हो म्हणालो.