उंची

आमच्या जरीपटक्याच्या गल्लीतला गतिरोधक माझ्या छोट्या डिझेल गाडीचे पोट रोज खरवडायचा. नियमाने तो 10 सेंटिमीटर उंच हवा. आमचा म्हणजे आडवा झोपलेला उंटच! अर्ज करण्यापेक्षा मिस्त्री गाठणे सोपे. त्याने स्प्रिंगांत रबर ठोकले. गाडी वर आली, आणि खरे सांगतो, मीही जरा वर आलो. मग कळले, गाडी वळणावर डुलते अन् दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शेजाऱ्यांची स्कूटर अजून आपटतेच. आपण उंच झालो म्हणजे रस्ता सुधारला, असे आपल्याला का वाटते हो? दिवे मी खाली करून घेतले. अर्ज मात्र अजून खिशातच आहे.