पहिला वाढदिवस आणि आमंत्रणाची यादी

शास्त्रवाचन : उत्पत्ती २१:१-२१, लूक १४:१२-१४

पवित्र शास्त्रात वाढदिवस म्हणून स्पष्ट सांगितलेल्या मेजवान्या दोनच आहेत, आणि दोन्ही राजवाड्यांतल्या. फारोच्या वाढदिवशी त्याच्या आचाऱ्यांच्या नायकाला फाशी झाली (उत्पत्ती ४०:२०-२२). हेरोदाच्या वाढदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून पाहुण्यांसमोर आणले (मत्तय १४:६-११). तिसऱ्या शतकातला मोठा शास्त्रपंडित ओरिजेन याने यावरून असे शिकवले की जन्मदिवसाचा उत्सव करणे हे दुर्जनांचे काम, देवाच्या भक्तांचे नव्हे. तितके कठोर होण्याची आमची तयारी नाही. मात्र पाहुण्यांपुढे आपली शोभा राखण्याच्या नादात हेरोदाने काय केले, हे लक्षात ठेवलेले बरे. योहानाला मारणे त्याच्या जिवावर आले होते. पंक्तीला बसलेले काय म्हणतील, एवढ्यासाठी त्याने हुकूम दिला.

तान्ह्या मुलासाठी केलेली मेजवानी शास्त्रात एकीकडे आहे. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी केली (उत्पत्ती २१:८). त्या काळी मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत आई पाजीत असे, तेव्हा हा काही पहिला वाढदिवस नव्हे. पण आनंद त्याच जातीचा. मूल धोक्याच्या काळातून पार पडले, आता ते जगेल, हा त्या आनंदाचा अर्थ.

जोयडा तालुक्यातील आपल्या कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. हा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. याचे जुने नाव सुपा; ते गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, आणि कितीतरी घरे उठून रामनगरला वसली. त्या बुडालेल्या गावांत ज्यांनी संसार केला त्या आज्यांना विचारा, मुले किती? त्या एक आकडा सांगत नाहीत, दोन सांगतात : झाली किती आणि राहिली किती. रानातला हिवताप, पावसात फुगलेले ओहोळ, दवाखान्याची दूरची वाट. या तालुक्यातल्या आडबाजूच्या वाड्यांतून आजाऱ्याला झोळीत घालून मोटारीच्या रस्त्यापर्यंत आणण्याचे प्रसंग आजही येतात.

साऱ्या देशाची स्थिती फार निराळी नव्हती. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. म्हणजे आठांमागे एक. २०२० साली हा आकडा २८ वर आला. लसी आल्या, आशाताई दारापर्यंत आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. ही देवाच्या दयेची साधने आहेत आणि त्यांचे आभार मानताना आम्हांला संकोच वाटत नाही. कोरियातही पूर्वी अर्भके फार दगावत, म्हणून तिकडे पहिला वाढदिवस मोठा मानतात, आणि तिथल्या प्रॉटेस्टंट घरांत त्या दिवशी उपकारस्तुतीची उपासना होते. तेव्हा पहिला वाढदिवस करावा की नाही, हा प्रश्नच आम्ही काढत नाही. करावा, आनंदाने करावा. तयारी कशी करायची, एवढेच बोलायचे आहे.

खर्चाचे आधी बोलू, कारण घरात तेच आधी निघते. शेजारच्याने मंडप घातला, आपण नुसती प्रार्थना कशी ठेवायची? मग बचतगटातून उचल, ती पुरली नाही तर दारावर येणाऱ्या कंपनीचे कर्ज. वसुलीचा जाच इतका वाढला होता की २०२५ साली कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ज्याच्या नावाने हे कर्ज काढायचे त्या बाळाला त्यातले काही कळत नाही. त्याला गर्दी कळते, मोठा कर्णा कळतो, झोपेची वेळ टळलेली कळते, आणि मग ते रडते व फोटोवाला खोळंबतो. सकाळची वेळ ठेवा. बाळ ताजेतवाने असते आणि लांबच्या माणसांना उजेडी परत जाता येते. फुगे उंच बांधा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात गेला तर श्वास कोंडतो. शेंगदाणे, फुटाणे त्याच्या हाती लागू देऊ नका. दांडेलीहून केक आणायचाच असेल तर आणा, त्यात पाप नाही. पण उन्हाळ्यात बसच्या प्रवासात मलईचा केक काय होतो हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तो आणीत नाही. जोयड्याची कंदमुळे नावाजलेली आहेत, त्यांचा इथे मेळा भरतो. घरचा तांदूळ, परसातले कंद, नारळ-गुळाची खीर, एवढ्यावर पन्नास माणसांची पंगत उठते आणि दुसऱ्या दिवशी हप्त्याची आठवण होत नाही.

आता यादीकडे येऊ. आमच्या मते सगळी कसोटी इथेच आहे.

यादी लिहिताना बहुतेक घरांत आहेराची वही शेजारी असते. अमक्याने आपल्याकडे काय दिले, तमक्याला आपण काय दिले. प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात नेमके या वहीवरच बोट ठेवले आहे. परत बोलावू शकतील अशा मित्रांना, नातलगांना, धनवान शेजाऱ्यांना बोलावून तुला फेड मिळून जाते, असे तो यजमानाला सांगतो, आणि ज्यांना फेडता येत नाही त्यांची नावे पुढे करतो. म्हणून आमची सूचना अशी की वही मिटून ठेवावी आणि गेल्या वर्षाची आठवण काढत बसावे. कळा सुरू झाल्या त्या रात्री जीप कोणी काढली? आईला दूध येईना तेव्हा स्वतःचे मूल बाजूला ठेवून बाळाला पाजणारी शेजारीण कोण? बाळंतिणीचे कपडे कोणी धुतले? लसीच्या दिवसाची आठवण द्यायला कोण चढण चढून आले? ही माणसे कदाचित मंडळीची नसतील, आपल्या जातीगोतातली नसतील. त्यांची नावे पहिली. आणि त्यांना आधीच सांगावे की आहेर आणू नका, नाहीतर गरीब माणूस भेटवस्तूच्या चिंतेनेच घरी राहतो.

इसहाकाच्या मेजवानीकडे पुन्हा पाहू या, कारण तिचा शेवट आपण संडे स्कूलमध्ये घाईने सांगून टाकतो. त्याच पंक्तीत सारेने हागारेच्या मुलाला हसताना पाहिले आणि त्या दोघांना घराबाहेर काढायला नवऱ्याला सांगितले. पहाटे अब्राहामाने भाकर आणि पाण्याची मसक हागारेच्या खांद्यावर दिली. रानात पाणी संपले, तेव्हा तिने मुलाला झुडपाखाली ठेवले आणि ते मरताना दिसू नये म्हणून ती लांब जाऊन बसली. एका मुलाच्या जगण्याची मेजवानी आणि दुसऱ्या मुलाचे मरण, यांत इतके थोडे अंतर होते. आम्हांला यात अधिक टोचते ते सारेचे वागणे. कितीतरी वर्षे तिने मूल नसल्याचे दुःख भोगले होते. बायकांच्या मेळाव्यात मागे उभे राहणे काय असते, हे तिच्याइतके कोणाला कळणार? तरी तिची कूस उजवल्यावर तिच्या अंगणात दुसऱ्या आईला जागा उरली नाही. देवाने मात्र झुडपाखालच्या मुलाचा आवाज ऐकला. त्या मुलाच्या नावाचा अर्थच तो आहे.

हे आम्ही का काढले, ते भगिनींच्या लक्षात आले असेल. आपल्या वाडीत अशी एखादी स्त्री असतेच, जिचे मूल याच वर्षी गेले. किंवा लग्नाला दहा वर्षे झाली तरी जिचा पाळणा हलला नाही. बारशाला, वाढदिवसाला तिचे नाव यादीत राहून जाते. तिच्या मनाला लागेल म्हणून बोलावले नाही, असे आपण म्हणतो. काही घरांत ते खरे असते. पण पुष्कळ घरांत आतली गोष्ट वेगळी आहे : तिची सावली नको, तिची दृष्ट नको. बाप्तिस्मा झालेल्या घरांतून बाळाच्या गालावर तीट लावताना आम्ही पाहतो; तीट पुसून निघते, पण त्या भीतीने एका बहिणीला दाराबाहेर ठेवले तर ते सहज पुसून निघत नाही. हन्ना, अलीशिबा आणि सारा स्वतः, या तिघींना आपल्या रिवाजाप्रमाणे यादीतून गाळावे लागले असते.

तिला बोलावण्याची रीत मात्र साधली पाहिजे. छापील पत्रिका मुलाच्या हाती पाठवू नये. चार दिवस आधी बाळाच्या आईने किंवा आजीने स्वतः तिच्या घरी जावे, घटकाभर बसावे, तिच्या बाळाचे नाव घ्यावे. नाव घेतले तर ती रडेल, अशी आपल्याला भीती वाटते. पण त्याचे नाव कोणीच घेत नाही, यानेही ती एकटी पडून रडत असते. मग म्हणावे, “वहिनी, रविवारी प्रार्थना आहे. आलात तर आम्हांला आनंद होईल. मन झाले नाही तरी आम्ही समजू.” आणि खरोखरच समजावे, मागाहून विचारू नये. ती आली तर चारचौघांत बाळ तिच्या मांडीवर ठेवून तिची परीक्षा पाहू नये. तिने हात पुढे केले तर निमूटपणे द्यावे, आणि दुसऱ्या कोणी ते काढून घेण्याची घाई करू नये.

उपासना अर्ध्या तासात आटोपावी. एक गीत, एक शास्त्रभाग, आई किंवा बापाच्या तोंडून गेल्या वर्षाची चार वाक्ये, पाळकांची प्रार्थना. शमुवेलाने दगड उभा करून इथवर झालेल्या साहाय्याची खूण ठेवली, तो भाग (१ शमुवेल ७:१२) या दिवसाला फार शोभतो. आई-बापाची वाक्ये पाळकांनी बोलू नयेत. घरात पहिल्यांदाच दहा माणसांपुढे बोलणारा बाप अडखळेल, अडखळू द्यावे. पाळकांना आमची एक विनंती आहे. प्रार्थनेत ज्या घरांचे पाळणे रिकामे झाले त्यांचीही आठवण करावी, पण त्या स्त्रीला आधी विचारल्यावाचून तिचे नाव उच्चारू नये.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी थोडे. मुले वाढदिवसाला वयाइतकी नाणी दानपेटीत टाकतात, ती चाल चांगली आहे. वर्षाच्या बाळाचे एक नाणे त्याच्या मोठ्या बहिणीच्या हातून टाकवावे. वर्गात इसहाकाची गोष्ट सांगताना एकविसाव्या वचनापर्यंत जावे, विहिरीपर्यंत. मधेच थांबले तर हागार मुलांच्या मनात रानातच राहते. आणि हन्नेने दरवर्षी लहानग्या शमुवेलासाठी एक झगा शिवून नेला (१ शमुवेल २:१९), हेही सांगावे. दरवर्षी थोडा मोठा, अंदाजाने बेतलेला, कारण मूल तिच्याजवळ नव्हते.

पंगत उठल्यावर एक ताट झाकून ठेवावे. जी वहिनी आली नाही तिच्या घरी ते त्याच दिवशी, ऊन असतानाच, कोणीतरी जाऊन द्यावे. तिच्या बाळाचा जन्मदिवस कोणत्या महिन्यात येतो हे तिथेच हलके विचारून घ्यावे, आणि घरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करून ठेवावी. त्या दिवशी तिच्याकडे कोणी जाणार नाही असे दिसले तर आपण जावे.