आधी भगदाडे, मग भांडी

शास्त्रपाठ : २ राजे १२:४-१६, २ इतिहास २४:४-१४



योवाश राजा सात वर्षांचा असताना गादीवर बसला, हे आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलेही सांगतील. परंतु त्याच्या राज्याच्या तेविसाव्या वर्षी काय झाले, हे विचारले तर मोठी माणसेही गप्प बसतात. त्या वर्षी राजाच्या ध्यानात आले की, मंदिराच्या दुरुस्तीसाठी लोकांकडून पैसा येत आहे, याजक तो घेत आहेत, आणि भिंतींतील भगदाडे मात्र जशीच्या तशी आहेत. वर्षानुवर्षे उपासना चालली होती, यज्ञ होत होते, धूप जळत होता. भगदाडांकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती, किंवा रोज पाहून पाहून ती दिसेनाशी झाली होती.

हा अध्याय आम्ही अनेकदा वाचला होता आणि त्यावर दोनदा उपदेशही केला होता. तो आम्हांस खऱ्या अर्थाने उमगला एका जुन्या जपानी मोटारीमुळे. काही वाचक म्हणतील, प्रभूच्या वचनात मोटारी कशाला आणता? त्यांनी थोडा धीर धरावा.

आमचा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरी करतो. २०२१ साली त्याने १९७२ सालची एक डॅटसन २४० झेड विकत घेतली. ही दोन आसनांची गाडी जपानात १९६९ साली निघाली. तिकडे तिचे नाव फेअरलेडी झेड. युताका कातायामा या गृहस्थांनी, जे त्या वेळी निस्सान कंपनीचा अमेरिकेतील कारभार पाहत, हे नाव अमेरिकन गिऱ्हाइकांस रुचणार नाही असे ठरवून तिथे २४० झेड हेच नाव लावले. सहा सिलिंडरांचे २३९३ सी.सी.चे इंजिन, दोन कार्बोरेटर, आणि किंमत सुमारे साडेतीन हजार डॉलर. युरोपातील ज्या गाड्यांशी तिची तुलना होई त्यांची किंमत पुष्कळ अधिक होती, म्हणून शिक्षक, कारकून, तरुण कामगार अशा लोकांनीही ती घेतली. १९७८ पर्यंत या मालिकेच्या पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आपल्या लोकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे १९७३ साली पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली हीच गाडी चालवून शेखर मेहता यांनी जिंकली. ते युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे होते.

असो. पुतण्याने घेतलेली गाडी तांबडी होती आणि फोटोत नवरीसारखी चमकत होती. त्याने सात हजार डॉलर मोजले. ती त्याची तीन वर्षांची बचत होती. शिक्षणाचे कर्ज अजून फिटायचे होते, घरी पाळणा हलणार होता. सुनेने अट घातली की यापुढे महिन्याला दोनशे डॉलर, त्यावर एक डॉलर नाही. ते पैसे ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकी आणि डबा गॅरेजच्या फळीवर ठेवी. यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणास भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, ते आम्हांस तेव्हाच आठवावयास हवे होते. पण ते पुढे आठवले.

पहिल्या चार महिन्यांचे पैसे, आणि वर थोडे उसने घेऊन, त्याने काय घ्यावे? नवी चाके! चकचकीत ॲल्युमिनियमची. गाडी अजून सुरूही होत नव्हती. आम्ही त्यास हसलो नाही, कारण आपल्या मंडळ्यांतही हेच चालते. छपरातून पाणी गळते, पाळकांचा पगार दोन महिने थकलेला असतो, आणि नाताळापूर्वी वर्गणी निघते ती नव्या ध्वनिक्षेपकासाठी.

मग एका जाणत्या शेजाऱ्याने त्यास लोहचुंबक दिले. फडक्यात गुंडाळून ते गाडीच्या अंगावरून फिरवायचे. जिथे पोलादी पत्रा आहे तिथे ते चिकटते. जिथे गंजाच्या भोकांवर पुट्टी थापून वर रंग मारला आहे तिथे ते गळून पडते. मागच्या चाकांच्या वर ते पडले. दारांखालच्या पट्ट्यांवर पडले. बॅटरी ठेवायच्या जागी तर पत्राच नव्हता, आम्लाने खाऊन टाकला होता. पायाखालचा गालिचा उचलला तेव्हा तळाच्या पत्र्यातून खालची जमीन दिसली.

या गाडीस वेगळी चासी नसते. पत्र्याच्याच पोकळ पेट्या वाकवून, जोडून तिचा सांगाडा बनतो, आणि सगळे बळ त्या पत्र्यात असते. म्हणून गंज हा तिच्या बाबतीत केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी त्या पोकळ पेट्यांत शिरते. पाणी जाण्यास कारखान्याने भोके ठेवलेली असतात, पण ती चिखलाने, कुजलेल्या पाल्याने बुजतात. आत रंग नसतो. मग लोखंड, पाणी आणि हवा आपले काम मुकाट्याने करीत राहतात, मीठ त्यास घाई करते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास पन्नास वर्षे काही कळत नाही.

प्रभू येशूने शास्त्री व परूशी यांस चुना लावलेल्या कबरांची उपमा दिली (मत्तय २३:२७), ती आपण नेहमी दुसऱ्यांस लावतो.

पुतण्याने चाके विकली, तोट्यातच. गाडी पूर्ण खोलली. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, खोलण्यापूर्वी फोटो. पैसा नाही म्हणून त्याने पुष्कळ गोष्टी घरीच केल्या. गंजलेले लहान भाग तो प्लॅस्टिकच्या टबात, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवी. भागास बॅटरी चार्जरची ऋण तार, आणि शेजारी लोंबत्या भंगार लोखंडी पट्टीस धन तार. रात्रभरात भागाचा गंज सैल होतो आणि ती भंगार पट्टी मात्र झिजत जाते. (स्टेनलेस स्टीलची पट्टी कधी वापरू नये, पाणी विषारी होते, आणि हे काम उघड्यावरच करावे, कारण त्यातून निघणारा वायू पेट घेतो.) एकाची झीज दुसऱ्याने सोसावी, यावर उपदेशकास लगेच बोलावेसे वाटते. आम्हांसही वाटले. पण उपमा फार ताणली की तुटते, आणि कालवरीचा वधस्तंभ सोड्याच्या टबापेक्षा फार मोठा आहे.

कामाचा क्रम त्याने आता असा लावला : आधी सांगाडा, मग ब्रेक, मग इंजिन, सर्वांत शेवटी रंग. योवाशाच्या कामगारांचा क्रम पाहा. पेटीतला पैसा सुतार, गवंडी, पाथरवट यांस दिला गेला. लाकूड व चिरे घेतले गेले. राजे पुस्तकाचा लेखक मुद्दाम सांगतो की त्या पैशातून चांदीचे पेले, कातरी, कर्णे असे काही केले नाही. इतिहासाचा लेखक म्हणतो की भांडी केली, पण काम पुरे झाल्यावर उरलेल्या पैशातून. दोघांत विरोध नाही. भांड्यांस बंदी नव्हती. त्यांची पाळी नंतरची होती. आणखी एक गोष्ट : त्या मुकादमांकडून हिशेब मागत नसत, कारण ते इमानाने वागत. आमच्या ओळखीच्या कोणत्या बांधकाम समितीविषयी असे लिहिता येईल, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

खर्चाची बैठक मारून हिशेब करावा, हे लूक १४:२८ मध्ये प्रभूने सांगितले आहे. जिने गाडी बनवली त्या कंपनीसही हा हिशेब सोपा गेला नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निस्सानने स्वतःच जुन्या २४० झेड घेऊन, नव्यासारख्या करून अमेरिकेत सुमारे पंचवीस हजार डॉलरना विकण्याची योजना काढली होती. काही डझन गाड्या करून ती थांबली. जुने नीट करणे नवे करण्यापेक्षा महाग पडते, कारण आधी बिघडलेले सर्व काढावे लागते.

येथपर्यंत ही पुतण्याची गोष्ट. आता आमची.

२०२३ च्या मार्चमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड; वेल्डिंग करू जाता भोके पडत होती, नाहीतर पत्रा वाकडा होत होता. "काका, काय करू?" तो म्हणाला. आम्हांस वेल्डिंगचे काय कळणार! आम्ही म्हणालो, "अरे, तुझ्या बाबांना विचार. त्यांचा जन्म पत्राकामात गेला." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबांनी पहिल्याच दिवशी त्याला भंगार म्हटलं. त्यांच्याजवळ मी विषय काढत नाही. तुम्ही विचाराल का?"

बंधुभगिनींनो, त्याचे बाबा म्हणजे आमचे थोरले बंधू. बेळगावात त्यांचे घर आणि आमचे घर यांत एक भिंत आहे. ती भिंत आई गेल्यावर २०१४ साली उभी राहिली. परसातल्या विहिरीकडे जाणाऱ्या तीन फुटांच्या बोळावरून सारे झाले. भिंत दादांनी बांधली हे खरे, पण वकिलाची नोटीस आम्ही पाठवली. आईच्या वर्षश्राद्धाऐवजी आपण ज्या स्मरणाच्या प्रार्थना करतो, त्या दिवशीच ती त्यांच्या हाती पडली. नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आणि या नऊ वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे एकाच मेजावरून प्रभुभोजन घेत होतो. ते डाव्या बाजूच्या बाकावर, आम्ही उजव्या. आम्ही उपदेशही करीत होतो. मत्तय ५:२३-२४ या वचनांवरही केला. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करावयास जाणे, हा विषय आम्ही तीन भाग पाडून मांडला होता. लोकांनी चांगला झाला म्हणून सांगितले.

त्या रात्री झोप आली नाही. मनात चुंबक फिरत होते, आणि जिथे जिथे नेले तिथे गळून पडत होते. सकाळी फोन हातात घेऊन आम्ही दादांच्या दारात उभे राहिलो. वहिनींनी दार उघडले आणि काही न बोलता आत गेल्या. दादा आले. आम्ही नमस्कार केला नाही, क्षमाही मागितली नाही. तोंडून शब्दच निघेना. फोटो पुढे केला आणि म्हणालो, "दादा, याला भोकं पडताहेत. काय करावं असं विचारतोय."

त्यांनी चष्मा लावला. पुष्कळ वेळ पाहिले. मग विचारले, "पत्रा किती जाडीचा?"

आम्ही सांगितले.

"सलग ओढतोय तो. सलग ओढायचं नाही. एक टाका इथं, दुसरा तिकडं लांब, तिसरा मधे. थंड होऊ दे. मागं तांब्याची पट्टी धर म्हणावं, तांब्याला वेल्ड धरत नाही, भोक पडणार नाही." पुन्हा फोटो पाहिला. "आणि हे बघ, कडेला काळं दिसतंय. गंजावरच जोडतोय. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायला सांग. कमी कापलं की वर्षात परत येतं."

हे ऐकून आम्ही तिथेच पायरीवर बसलो. त्यांनी आमच्याविषयी म्हटले नव्हते, गाडीविषयीच म्हटले होते, हे आम्हांस ठाऊक आहे. पण नोटिशीबद्दल जे सांगावयाचे होते ते तेव्हा सांगितले. आईच्या त्या दिवसाबद्दलही सांगितले. दादा "हं" म्हणाले. तेवढेच. ते आमच्या गळ्यात पडले असे लिहिता आले असते तर गोष्ट अधिक गोड झाली असती, पण तसे झाले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा धडा शिकवताना योवाशाची पुढची गोष्ट गाळू नये. मुले मोठी असतील तर जरूर सांगावी. यहोयादा वारल्यावर याच राजाने त्याच्या मुलास, जखऱ्यास, मंदिराच्या अंगणात दगडमार करून मारविले (२ इतिहास २४:२०-२२). आणि हजाएल चालून आला तेव्हा मंदिराच्या भांडारातले सोने काढून त्यास देऊन टाकले. ज्याने दगडांतील भगदाडे बुजविली त्याच्या स्वतःच्या आतल्या पेट्यांत पाणी साचत राहिले होते. यहोयादा होता तोवर भोके मोकळी होती.

पुतण्याच्या गाडीचा तळ आता नवा आहे. प्रत्येक पोकळ पेटीत मेण फवारले आहे, आणि पाणी जाण्याची भोके तारेने साफ केली आहेत. हेही दादांनीच फोनवर बजावून सांगितले. बाप-लेक आता दर शनिवारी बोलतात, बहुधा गाडीवरच. ती अजून करड्या प्रायमरमध्ये उभी आहे, चाके जुनीच, पोलादी. रंगाला डब्यात पैसे नाहीत.

भिंतही अजून उभी आहे. बोळ नेमका कोणाच्या हद्दीत येतो हे आम्हा दोघांस आजही नक्की माहीत नाही. मागच्या रविवारी उपासनेनंतर दादा फाटकापाशी थांबले आणि म्हणाले की, भूमापन कार्यालयातून नकाशाची नक्कल काढू, मोजणीची फी अर्धी अर्धी भरू. बुधवारी सकाळी दहाला जावयाचे ठरले आहे.