घाईचा भाव

लिलावाच्या भिशीत बसणाऱ्याला वेळेची किंमत शिकवावी लागत नाही. समजा दहा जण आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला १०,००० रुपये, म्हणजे भिशी एक लाखाची. पहिल्याच महिन्यात आवाज चढतात. "पाच सोडले." "आठ." "बारा!" कुणाच्या घरी लग्न ठरलेलं असतं, कुणाला दिवाळीआधी दुकानात माल भरायचा असतो. बारा हजार सोडणारा ८८,००० उचलतो आणि सोडलेली रक्कम दहा जणांत वाटली जाते. शेवटपर्यंत थांबणाऱ्याला पुरता लाख मिळतो, वर दर महिन्याचा वाटा. भिशी एकच, पण पहिल्याचं ते कर्ज आणि शेवटच्याची गुंतवणूक.

पहिल्याला वाटतं, बारा टक्के गेले. पण त्याचा स्वतःचा हप्ता, १,२०० चा वाटा वळता करून, ८,८०० होतो. म्हणजे हातात खरे उरतात ७९,२००, आणि पुढे नऊ हप्त्यांचे ९०,००० भरायचे. परतफेड पुढच्याच महिन्यात सुरू होते, त्यामुळे पैसा त्याच्याकडे सरासरी पाचच महिने राहतो. पुढचे वाटे सोडून दिले तर हे व्याज महिन्याला अडीच टक्क्यांच्या वर जातं. ते वाटे धरले की दर उतरतो, पण किती, हे बाकीच्यांना किती घाई आहे त्यावर ठरतं.

उद्याच्या रुपयाचं आजचं मूल्य काढायचं सूत्र सोपं आहे : व्याजदर धरा, त्या हिशेबाने मागे या. अडतं ते दर कुठला धरायचा इथे. पुस्तकं सरकारी रोख्याकडे बोट दाखवतात. भिशीत मात्र प्रत्येकजण आपला दर स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि तो पैशाचा नसून त्याच्या गरजेचा असतो.

थांबू शकणाऱ्याचाही हिशेब चुकतो, फक्त उलट्या बाजूने. किसान विकास पत्र १९८८ साली आलं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. एप्रिल २०२३ पासून साडेसात टक्क्यांनी ११५ महिने लागतात. (७२ ला व्याजदराने भागा, दुपटीची वर्षं जवळपास बरोबर येतात.) पण याच काळात महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर लाखाच्या दोन लाखांत आजच्या साधारण १,१४,००० चाच बाजार होईल. व्याजावरचा प्राप्तिकर वेगळाच.

गरजू माणूस कुठलाही दर कबूल करतो, हे जुन्या कायद्याला ठाऊक होतं. दामदुपटीच्या नियमाप्रमाणे एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत. सावकारांनी वाट काढली : थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा कर्जरोखा लिहून घ्यायचा. मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी एक तथ्यपत्रक सक्तीचं केलं आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा असं सगळं धरून वर्षाचा एकच दर द्यावा लागतो. चांगली सोय आहे. मात्र त्या दराचा उपयोग दोन ठिकाणी विचारून बघायला सवड असणाऱ्यालाच जास्त, आणि भिशीत पहिल्या महिन्यात बोली लावणाऱ्याकडे नेमकी तीच नसते.