फुकटचं पिल्लू

जिन्याखाली सापडलेलं मांजरीचं पिल्लू शेजारच्या काकूंनी माझ्या पदरात टाकलं. "घे गं, फुकट आहे, पुण्य लागेल." आठव्या आठवड्यात पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, मग रेबीजची, जंतांचं औषध, पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी. ती टाळली तर दिवस गेल्यापासून साधारण 65 दिवसांत आणखी चार फुकट पिल्लं, आणि त्यांच्यासाठी पदर शोधत मीच हिंडणार.

खरी पंचाईत निराळी. सासरे माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. "दूध-पोळीवर वाढेल की," म्हणाले. पण मांजराला टॉरिन लागतं, आणि ते मांस-मासळीतलं. नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय थकतं. एक जीव जगवायचा तर दुसरे मारलेले विकत आणायचे! आता पाकिटातल्या खाद्याच्या जोडीला मी बाल्कनीत, वेगळ्या पातेल्यात मांदेली उकडते. सासरे तेवढा वेळ हरिपाठ जरा मोठ्याने म्हणतात.

श्रीवैष्णवांच्या तेंगलै शाखेत मार्जारन्याय सांगतात: पिल्लू काहीच करत नाही, आई मानगुट धरून नेते, देवाची कृपा तशी. दृष्टान्त सगळा पिल्लाच्या बाजूचा. मांजरीच्या जबड्याचं कुणी विचारत नाही.

भागवतातल्या भरत राजाने हरणाचं पाडस वाचवलं, त्यात जीव गुंतला आणि पुढचा जन्म हरणाचा आला. सासरे ही गोष्ट मला दर दोन दिवसांनी ऐकवतात. काल पहाटे पाहिलं, ती त्यांच्या पोटरीला टेकून झोपली होती. ते टक्क जागे. कूस बदलत नव्हते.